टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स

टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स हा येस या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक गटाचा सहावा स्टुडिओ अल्बम आहे. अटलांटिक रेकॉर्ड्सने तो डिसेंबर १९७३ मध्ये युनायटेड किंग्डममध्ये आणि जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रकाशित केला. या दुहेरी अल्बममध्ये चारच रचना असून प्रत्येक रचना तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापते. अल्बमची एकूण लांबी सुमारे ८१ मिनिटे आहे. परमहंस योगानंद यांच्या आत्मचरित्रातील एका तळटीपेवर त्याची संकल्पना आधारलेली आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या श्रोत्यांमध्ये ज्या अल्बमांविषयी सर्वाधिक टोकाची मते आढळतात, त्यांत याची गणना होते.

पार्श्वभूमी

१९७२ मधील क्लोज टू द एज या अल्बममुळे येसला मोठे यश मिळाले होते. त्या अल्बमनंतर ढोलवादक बिल ब्रुफर्ड किंग क्रिम्झन या गटात गेले व त्यांच्या जागी ॲलन व्हाइट आले. मार्च १९७३ मध्ये ब्रुफर्ड यांच्या विवाहप्रसंगी किंग क्रिम्झनचे तालवादक जेमी म्यूर यांनी येसचे गायक जॉन अँडरसन यांना योगानंदांचे ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी (१९४६) हे पुस्तक वाचण्यास सुचवले. त्याच महिन्यात जपानच्या दौऱ्यावर असताना अँडरसन यांचे लक्ष त्यातील एका तळटीपेकडे गेले. शास्त्रांचे श्रुती, स्मृती, पुराण व तंत्र असे चार वर्ग असून धर्म, समाजजीवन, कायदा, वैद्यक, वास्तुविद्या, कला अशी अनेक क्षेत्रे त्यांत येतात, असा तिचा आशय होता. या चार वर्गांवर चार दीर्घ रचना करण्याचे अँडरसन यांनी ठरवले. दौऱ्यातील मुक्कामांत, हॉटेलच्या खोलीत मेणबत्तीच्या उजेडात बसून त्यांनी व गिटारवादक स्टीव्ह हाउ यांनी रचनांचा मूळ आराखडा तयार केला.

ध्वनिमुद्रण लंडनमधील मॉर्गन स्टुडिओत झाले. एडी ऑफर्ड हे गटासमवेत सहनिर्माते होते. ध्वनिमुद्रण शहरात करावे की ग्रामीण भागात, यावर गटात एकमत नव्हते. त्यामुळे स्टुडिओतच गवताच्या पेंढ्या व पुठ्ठ्याची गाय ठेवून खेड्याचा देखावा उभारण्यात आला. मुखपृष्ठ रॉजर डीन यांनी चितारले.

रचना

१. द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड (डान्स ऑफ द डॉन) – श्रुतींशी संबंधित. आरंभी मंत्रपठणासारखा जलद, समूहस्वरातील गायनखंड आहे.
२. द रिमेम्बरिंग (हाय द मेमरी) – स्मृतींशी संबंधित. संथ लयीची ही रचना मुख्यतः मेलोट्रॉन व सिंथेसायझर यांच्या नादावर उभी आहे.
३. द एन्शंट (जायंट्स अंडर द सन) – पुराणांशी संबंधित. तालवाद्ये व स्टील गिटार यांच्या कर्कश, विस्कळीत वाटणाऱ्या भागानंतर अकूस्टिक गिटार व शांत गीताने तिचा शेवट होतो.
४. रिच्युअल (नू सॉम द्यु सोलेई) – तंत्रांशी संबंधित. क्रिस स्क्वायर यांचे बेस गिटारवादन व दीर्घ तालवाद्यखंड ही तिची वैशिष्ट्ये आहेत. शीर्षकातील फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘आम्ही सूर्याचे आहोत’ असा होतो.

प्रतिसाद

व्यापारीदृष्ट्या अल्बम यशस्वी ठरला. तो ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. समीक्षकांचा सूर मात्र बहुतांशी प्रतिकूल होता. मेलडी मेकरचे क्रिस वेल्च हे गटाचे जुने पाठीराखे असूनही त्यांनी अल्बम दिशाहीन झाल्याचे मत नोंदवले. रोलिंग स्टोनमधील गॉर्डन फ्लेचर यांच्या परीक्षणातही लांबण हाच प्रमुख आक्षेप होता. पुढे पंक रॉकच्या काळात प्रोग्रेसिव्ह रॉकच्या अतिरेकाचे उदाहरण म्हणून या अल्बमचे नाव वारंवार घेतले गेले.

सर्वांत कठोर टीका गटातूनच झाली. कीबोर्डवादक रिक वेकमन यांच्या मते, हाती असलेले साहित्य एका तबकडीसाठी जास्त, परंतु दोन तबकड्यांसाठी अपुरे होते. उरलेली जागा भर घालून भरण्यात आली. दौऱ्यात मँचेस्टर येथे प्रयोग चालू असताना रंगमंचावरच करी खाल्ल्याचा प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. १९७४ च्या मध्यास त्यांनी गट सोडला व पॅट्रिक मोराझ त्यांच्या जागी आले. अँडरसन व हाउ यांनी मात्र अल्बमचे सातत्याने समर्थन केले.

अर्थविषयक मतभेद

चाहत्यांमधील मतभेद मुख्यतः तीन प्रश्नांभोवती फिरतात.

पहिला प्रश्न शास्त्रांशी असलेल्या नात्याचा आहे. एका गटाच्या मते चार बाजू हा ज्ञानाकडून स्मरणाकडे, तेथून प्राचीनतेकडे आणि अखेर विधीकडे होणारा प्रवास असून अँडरसन यांनी वेष्टनावर लिहिलेले निवेदन ही त्याची किल्ली आहे. दुसऱ्या गटाच्या मते चार वर्गांनी केवळ चौकट पुरवली. गीतांत कोणत्याही ग्रंथाचे विवरण नाही व संगीतातही रागसंगीताची मांडणी नाही. ‘रिमेम्बरिंग’, ‘एन्शंट’ ही शीर्षके ‘स्मृती’ व ‘पुराण’ या शब्दांच्या मूळ अर्थांजवळ जातात, हे मात्र दोन्ही बाजूंना मान्य करावे लागते.

दुसरा प्रश्न शब्दांचा आहे. अँडरसन यांच्या गीतांतील वाक्ये व्याकरणाच्या अंगाने बरेचदा सुटी राहतात. टीकाकारांना हा पोकळ गूढवाद वाटतो, तर समर्थक येथे शब्द अर्थापेक्षा नादासाठी योजले आहेत असे मानतात. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक बिल मार्टिन यांनी म्युझिक ऑफ येस (१९९६) या ग्रंथात गटाच्या या काळातील कार्याचा सहानुभूतीने विचार केला आहे.

तिसरा प्रश्न लांबीचा आहे. पहिल्या व चौथ्या रचनेला सामान्यतः अधिक पसंती मिळते. मधल्या दोन बाजूंवरच भरतीचा आरोप होतो. या दोन बाजू वगळल्यास एक उत्तम एकेरी अल्बम उरला असता, असे काही श्रोते मानतात. याउलट, तिसऱ्या बाजूचा गोंगाट ऐकल्याशिवाय तिच्या शेवटच्या गीताची शांतता जाणवत नाही, असा प्रतिवाद केला जातो. तबकडीच्या एका बाजूवर साधारण २० मिनिटे मावत असल्याने प्रत्येक विषयाची लांबी माध्यमानेच ठरवली, याकडेही लक्ष वेधले जाते.

नंतरच्या आवृत्त्या

२००३ च्या आवृत्तीत पहिल्या रचनेच्या आरंभी पूर्वी वगळलेला सुमारे दोन मिनिटांचा वाद्यखंड जोडण्यात आला. २०१६ मध्ये स्टीव्हन विल्सन यांनी केलेले नवे ध्वनिमिश्रण प्रकाशित झाले. त्याच वर्षी येसने मैफलींत पहिली व चौथी रचना संपूर्ण आणि तिसरीतील शेवटचा गीतभाग सादर केला. दुसरी रचना त्यात नव्हती.