विषाचें पूर्वानुमान

इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं १९२४ सालीं नेली कर्शॉ ही ॲस्बेस्टॉसच्या गिरणींत राबणारी स्त्री ऐन तिशींत वारली. कुक या डॉक्टरनें तिच्या फुप्फुसांत रुतलेले त्या खनिजाचे कण सूक्ष्मदर्शकाखालीं ओळखले व ती हकीकत त्याच वर्षीं प्रसिद्ध केली. तोंवर ॲस्बेस्टॉसचा व्यापार मात्र जगभर फैलावला होता. आधीं माल बाजारांत, मागाहून विषाची परीक्षा, हा उलटा क्रम सुलटा व्हावा म्हणून जे प्रयत्न झाले, त्यांत गणिताचा वांटा मोठा आहे.

पदार्थाच्या घडणीवरून त्याचा देहावरील परिणाम सांगतां यावा, ही कल्पना याहून जुनी. १८६८ सालीं एडिंबरो येथें क्रम ब्राउन व फ्रेझर यांनीं कुचल्यांतील स्ट्रिक्नीनच्या रेणूला एक लहानसा मिथिल गट जोडला, तों आंचके आणणारें तें विष स्नायू लुळे पाडूं लागलें! घडण बदलली कीं गुण बदलतो, हें यावरून दिसलें. पुढें १९०० च्या सुमारास मार्बुर्गला मेयर यांना व झ्युरिखला ओव्हर्टन यांना, स्वतंत्रपणें, असें आढळलें कीं गुंगी आणणारें द्रव्य पाण्यापेक्षां तेलांत जितकें अधिक विरघळेल तितकें तें प्रभावी. १९६२ पासून कॅलिफोर्नियांतील पोमोना कॉलेजांत कॉर्विन हान्श यांनीं या जातीच्या संबंधांना समीकरणांचें रूप दिलें, आणि मग तें काम गणकयंत्रांच्या हातीं गेलें.

रेणूंचें हें गणित नॅनोकणांस जसेंच्या तसें लागू पडेना. एका द्रव्याचे रेणू सारखे. कणांचे आकार मात्र नाना परींचे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेऊन त्याचे मीटरच्या अब्जांशाएवढ्या बाजूचे तुकडे केले, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. वस्तु तीच, वजन तेंच. पण सहा चौरस सेंटिमीटरांचा पृष्ठभाग आतां सहा हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर झाला! देहाशीं गांठ पडते ती या पृष्ठभागाची. शिवाय आकृतीचाही प्रश्न आहेच. २००८ सालीं, पुन्हां एडिंबरोच्याच संशोधकांनीं, उंदरांच्या पोटांत कार्बनच्या नॅनोनळ्या सोडून पाहिल्या. लांब नळ्यांनीं ॲस्बेस्टॉससारखा दाह केला, आंखूड व गुंतलेल्या नळ्यांनीं तसा केला नाहीं. मूलद्रव्य दोहींत एकच.

२०११ सालीं पोलंडांतील गडान्स्क येथील तोमाश पुझिन व त्यांचे सहकारी यांनीं धातूंच्या सतरा ऑक्साइडांचे कण घेतले. दहांवरून समीकरण बसविलें. उरलेल्या सातांवर तें ताडून पाहिलें, आणि तें बरेंच खरें उतरलें. ही राखून ठेवलेल्या सातांची कसोटी फार महत्त्वाची. ज्या उदाहरणांवरून नियम काढला त्यांनाच तो लागू पडला, यांत नवल तें काय? त्या समीकरणांत राशि एकच होती, धातूचा विद्युद्भारित अणु वायुरूपांत घडण्यास लागणारी ऊर्जा. ती कागदावर काढतां येते. गंमत अशी कीं कणांच्या या समीकरणांत कणाच्या आकारमानाला जागाच नव्हती. आणि विषाची परीक्षा झाली ती ई. कोलाय या जिवाणूवर, फुप्फुसावर नव्हे.

पुढल्याच वर्षीं लॉस एंजल्सच्या संशोधकांनीं चोवीस ऑक्साइडें तपासलीं. कणांतील इलेक्ट्रॉनांची एक विशिष्ट ऊर्जापातळी सजीव पेशींतील इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीच्या पातळीशीं जुळली, तर तो कण ती देवघेव बिघडवितो, असा त्यांचा तर्क होता. पेशींवर तो पटला, आणि उंदरांच्या फुप्फुसांतील दाहाशींही त्याचा मेळ बसला. परंतु तांबें व जस्त यांचीं ऑक्साइडें त्या पातळीच्या बाहेर असूनही विषारी निघालीं. तीं पेशींना मारीत होतीं तीं विरघळून. सुटलेला धातूच तेथें विष होता. म्हणून कण किती विरघळतो हें प्रयोगशाळेंत निराळें मोजावें लागलें, आणि मगच त्या दोघांचा हिशेब लागला.