पेटेनकोफरांचा पेला

पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत नेऊन सोडायचा, अशी चाल आपल्याकडे अनेक गावांत होती. पलीकडचे गाव तो पुढे ढकलत असे. रोग बाहेरून येतो आणि पुढे जातो, हे लोकांनी अनुभवातून ओळखले होते. पण तो येतो कशातून, आणि माणसाला मारतो कसा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी आले. १८५४ मध्ये जॉन स्नो यांनी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा केला. तेथील एका तळ्यातही त्यांना तो सापडला.

म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांना हे पुरेसे वाटले नाही. जंतूखेरीज जागेची आणि माणसाच्या प्रकृतीची साथ लागते, असे त्यांचे मत. ऑक्टोबर १८९२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, जठरातले आम्ल मारण्यासाठी सोडा घेऊन ते पटकीच्या जंतूंचे द्रावण प्यायले. थोडे जुलाब झाले, इतकेच.

हा प्रसंग बहुधा हट्टी म्हाताऱ्याची गंमत म्हणून सांगितला जातो. पाण्याबाबत ते चुकलेच होते. त्याच वर्षी एल्बे नदीचे न गाळलेले पाणी पिणाऱ्या हांबुर्गमध्ये ८,००० हून अधिक लोक दगावले, तर वाळूतून गाळलेले पाणी पिणारे शेजारचे आल्टोना बरेचसे वाचले. पण पेल्याने विचारलेला प्रश्न खरा होता : तोच जंतू पोटात जाऊन एक मरतो, दुसरा का वाचतो?

जंतू मारतो कसा, हे कळायला कॉख यांच्यानंतर ७५ वर्षे लागली. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोऱ्याने बांधून त्यात जंतू सोडले. तुकडा पाण्याने फुगला. १९५९ मध्ये त्यांनी दाखवले की जंतू गाळून काढलेले द्रावणही तेच करते. मारेकरी होते जंतूने सोडलेले विष. ते आतड्याच्या पेशी फोडत नाही, त्यांना क्षार आणि पाणी ओतत राहायला लावते. साखर आणि मीठ एकत्र शोषण्याची पेशींची ताकद मात्र शाबूत राहते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले, ते याच बळावर.

तरीही पेला रिकामा झालेला नाही. जंतू पोटात गेलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही किंवा किरकोळ जुलाब होतात. ‘ओ’ रक्तगटाच्या लोकांना पटकी अधिक तीव्र होते. त्यामागची यंत्रणा अजून पूर्ण उलगडलेली नाही. विषाची जनुकेही जंतूची मूळची नव्हेत, ती एका विषाणूने त्याच्यात आणली, हे १९९६ मध्ये उघड झाले.

आणि दोन साथींच्या मध्ये जंतू असतो कुठे? खाडीच्या पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी जीवांवर तो वस्ती करतो, हे दिसले आहे. मग नवी साथ तिथल्याच पाण्यातून उठते, की हैतीत २०१० मध्ये झाले तशी दूरच्या माणसांबरोबर येते? दोन्ही घडते. पण कुठे कशाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे. गाडा शिवेवर पोचवणाऱ्यांपुढेही वेगळ्या शब्दांत हाच प्रश्न होता.