अंगठी लहान करणे (साखरपुड्याची)

साखरपुड्यात घातलेली अंगठी सैल निघाल्यास ती बोटाच्या मापात आणणे. सराफी बोलीत यालाच ‘माप कमी करणे’ म्हणतात.

ही अंगठी बहुधा समोरच्या घरचे लोक घेतात. मुलीची जुनी अंगठी मागवली जाते, पण ती मधल्या बोटातली असली की अनामिकेत ढिली होते. दोऱ्याने घेतलेले मापही फसवते, कारण दोरा ताणला जातो. त्यापेक्षा कागदाची अरुंद पट्टी बरी. शिवाय बोट दिवसभर एकसारखे राहत नाही. उन्हात ते फुगते, गारठ्यात आकसते. म्हणून समारंभानंतर लगेच अंगठी कापायला देऊ नये. चार दिवस वेगवेगळ्या वेळी घालून पाहावी. सांध्यावरून उतरताना किंचित अडणारी अंगठी योग्य मापाची. हात झटकताच सरकणारी सैल.

भारतीय पट्टीत १२ नंबरच्या अंगठीचा आतला घेर सुमारे ५२ मिमी आणि व्यास १६.५ मिमी असतो. एका नंबराने घेर साधारण १ मिमीने बदलतो, म्हणजे व्यासात फरक जेमतेम ०.३ मिमीचा. एवढ्याशा फरकावर अंगठी बोटात राहणे वा बेसिनमध्ये पडणे ठरते.

घरगुती तोड म्हणजे दोरा. अंगठीच्या तळहाताकडच्या भागावर बारीक दोरा शेजारी-शेजारी घट्ट गुंडाळून टोक आत खोवतात. लग्नापर्यंतच्या दिवसांना हा उपाय पुरतो. मात्र कणीक मळताना त्यात पीठ अडकते, साबण साठतो आणि ओलसर दोऱ्याखाली कातडी खाजू लागते. तो वरचेवर बदलावा. प्लॅस्टिकची वळी किंवा आतून लावलेले पारदर्शक नेलपॉलिश हेही तात्पुरतेच. सांधा जाड आणि त्यामागचे बोट बारीक असेल, तर अंगठीच्या आत तळाशी दोन बारीक सोन्याचे मणी डाखून घेणे उत्तम: अंगठी सांध्यावरून जाते, पण गरगर फिरत नाही. हा उपाय लोकांना फारसा ठाऊक नाही. सोनाराला आवर्जून विचारावा.

कायमचा उपाय कापण्याचा. सोनार कोंदणाच्या बरोबर विरुद्ध बाजूला करवत लावतो आणि नंबराच्या हिशेबाने तुकडा काढतो. टोके कानशीने घासून एकमेकांना भिडवतो. सांध्याला टाकणखार लावून त्यावर डाखेचा कण ठेवतो व ज्योत धरतो. डाख अंगठीच्या सोन्याआधी वितळते आणि क्षणात चकाकत सांध्यात धावते. तो क्षण ओळखणे हेच कसब. ज्योत जास्त रेंगाळली तर पट्टीच बसते. मग निमुळत्या दांडीवर ठोकून गोलाई आणतात, घासतात, पॉलिश करतात. डाख कॅडमियमची नसावी, कारण तिचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक असतो.

खड्यांची काळजी वेगळी. मोती, पोवळे आणि पाचू यांना उष्णता सोसत नाही. ते आधी काढावे लागतात किंवा ज्योतीऐवजी लेझरने सांधा जोडावा लागतो. हिरा टिकतो, पण उघड्या ज्योतीत त्याचा पृष्ठभाग धुरकट होऊ शकतो. दोन नंबरांहून जास्त कमी केल्यास पट्टीचा बाक बदलतो, पकडी हलतात आणि खडा खुळखुळू लागतो. सबंध घेरात खडे असलेली अंगठी कापू नये. टंगस्टन कार्बाइडची अंगठी तर लहान करताच येत नाही, बदलूनच घ्यावी लागते. पांढऱ्या सोन्याच्या अंगठीला कामानंतर ऱ्होडियमचा मुलामा पुन्हा द्यावा लागतो.

हॉलमार्क बहुधा पट्टीच्या आतल्या बाजूला असतो. त्यातला सहा अक्षर-अंकांचा क्रमांक हीच त्या डागाची ओळख. १ एप्रिल २०२३ पासून सराफाला हॉलमार्कचे दागिने या क्रमांकाशिवाय विकता येत नाहीत. करवत त्यावरून जाणार नाही, हे देतानाच सांगावे.

अंगठी देताना आणि घेताना आपल्यासमोर वजन करून पावतीवर लिहून घ्यावे. कापलेला तुकडा ग्राहकाचा असतो. तो मागून घ्यावा, नाहीतर त्याची किंमत मजुरीतून वळती करून घ्यावी.