कॉलेज पाहणे

लग्नाच्या मुलीसाठी स्थळे पाहत गावोगाव हिंडण्याचे दिवस आता बहुतेक सरले. चपला झिजायच्या मात्र राहिल्या नाहीत. हल्ली त्या मुलीच्या कॉलेजासाठी झिजतात. यंदा बारावीचा निकाल लागला आणि आमच्या घरी हा योग आला. अर्ज संगणकावर भरायचा, याद्या संगणकावर लागायच्या, पैसेसुद्धा घरबसल्या पाठवायचे. तेव्हा घराबाहेर पडायचे काही कारणच नाही, असे आमच्या कन्यकेचे मत. कॉलेजांची चित्रे तिने मला फोनवर दाखवली. सगळ्या चित्रांत आकाश निळे आणि मुले हसरी. मी म्हटले, "स्थळाचा नुसता फोटो पाहून कोणी होकार देतं का? आपण जाऊन पाहू."

खरे कारण निराळे होते. वाचकांपासून ते लपवण्यात अर्थ नाही. मी स्वतः मॅट्रिक. दहावी म्हणायचे, पण आमच्या घरात त्या परीक्षेला अजून आजोबांच्या वेळचेच नाव चालते. वडिलांची गिरणी बंद पडलेली, पाठीवर दोन भाऊ. बालवाडीच्या शिक्षिकेचा एक लहानसा अभ्यासक्रम केला आणि डोंबिवलीतल्या एका शाळेत शिशुवर्ग घेऊ लागले, ती आजतागायत. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. त्यांतल्या दोन नायिका कॉलेजात जातात. त्यांची कॉलेजे मी सर्वस्वी ऐकीव माहितीवर बांधली आणि आश्चर्य म्हणजे कोणा वाचकाने तक्रार केली नाही! पण आपण न पाहिलेल्या जिन्यावरून नायिकेला किती दिवस चढवायचे? मलाच पाहायचे होते.

डोंबिवलीहून मुंबईचे शेवटचे स्टेशन अठ्ठेचाळीस किलोमीटर. वाटेत कन्यकेला मी सांगितले की आपल्या बाजूला आगगाडी आधी आली आणि विद्यापीठ मागून. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ च्या एप्रिलची, कल्याणपर्यंत ती आली १८५४ च्या मे महिन्यात, आणि मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला १८ जुलै १८५७ रोजी. म्हणजे कल्याणच्या मुलाला शिकायला मुंबईस जायची सोय झाली तेव्हा तिथे पदवी द्यायला अजून कोणी बसलेलेच नव्हते. तिने कानातली दोरी काढून "हं" म्हटले आणि पुन्हा घातली. शिशुवर्गावर इतकी वर्षे काढल्यामुळे एवढ्याने माझा हिरमोड होत नाही.

पहिले स्थळ एल्फिन्स्टन. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ साली निवृत्त होऊन निघाले तेव्हा इथल्या लोकांनी त्यांच्या स्मरणार्थ निधी जमवला, त्यातून ही संस्था उभी राहिली. आमचे बाळशास्त्री जांभेकर इथे शिकवीत. दादाभाई नौरोजी इथेच शिकले आणि इथेच गणिताचे प्राध्यापक झाले. मी भारावून कमानींकडे पाहत होते. मग लक्षात आले की काळा घोड्याजवळची ही इमारत १८८८ सालची. बाळशास्त्री तोवर वारून चाळीस वर्षे उलटली होती. ज्या जिन्याकडे पाहून माझे डोळे भरून येत होते तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता!

बाबासाहेब आंबेडकर मात्र इथेच शिकले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पंचवीस रुपये दिले म्हणून पुढचे शिक्षण झाले. १९१२ साली ते बी. ए. झाले. चरित्रकार धनंजय कीर यांनी त्या वेळच्या दोन गोष्टी सांगितल्या आहेत. कॉलेजातला हॉटेलवाला त्यांना चहा तर नाहीच, पाणीही देत नसे. आणि प्राध्यापक म्युलर त्यांना पुस्तके आणि कपडे देत. हॉटेलवाला आणि म्युलर दोघेही एकाच आवारात. इमारत पाहून यांतले काय कळणार? मी हे सांगत होते तेव्हा मात्र कन्यकेने दोरी घातलेली नव्हती. ती म्हणाली, "कँटीन कुठेय?" आणि जाऊन पाहून आली. मग तिने ग्रंथालयाची वेळ विचारली, मुलींचे स्वच्छतागृह पाहिले आणि एका वहीत काहीतरी टिपले. हे कॉलेज २०१९ पासून मुंबई विद्यापीठाकडे नसून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहे, हे तिनेच मला सांगितले.

याच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले. फोर्टातली त्याची इमारत आम्ही येताना ओझरतीच पाहिली. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे वर्ग सकाळी भरत. ज्याला स्वतःला पाणी मिळाले नाही त्याने कॉलेज काढताना आधी वेळापत्रकाचा विचार केला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. डोंबिवलीच्या पहिल्या लोकलने आजवर किती जण तसे गेले असतील, त्यांची नोंद कुठे असणार?

ओव्हल मैदानाच्या कडेने जाताना राजाबाई टॉवर दिसला. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्या वेळी हा मनोराही नव्हता. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या पैशांतून तो १८७८ साली पुरा झाला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव दिले. मुंबईभर दिसेल अशा उंचीवर एका बाईचे नाव चढले. पण विद्यापीठाच्या पदवीधरांत त्या दिवशी एकही बाई नव्हती. ती मिळायला पुढचे दशक उजाडावे लागले. डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या पहिल्या.

तिथून चौपाटीला विल्सन. समुद्रासमोरची ती इमारतही १८८९ सालची. कॉलेजचा उगम मात्र जॉन विल्सन यांनी १८३२ साली काढलेल्या शाळेत. इथे मला आठवण झाली ती धोंडो केशव कर्व्यांची. १८८१ साली मॅट्रिक झाल्यावर ते आधी विल्सनमध्ये गेले, मग एल्फिन्स्टनमध्ये, आणि १८८४ साली बी. ए. झाले. पण त्यांची खरी गोष्ट त्याच्याही आधीची आहे, आणि ती मी शाळेत दरवर्षी सांगते. मुरुडचा हा मुलगा १८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सातारला निघाला. वाहन नाही. भर पावसात, कुंभार्ली घाटाने, शंभराहून अधिक मैल पायी. सोबतीला गावचे दोस्त. सातारला पोचले, आणि परीक्षा मंडळाच्या प्रमुखांनी यांच्याकडे पाहून सांगितले की हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, याला बसता येणार नाही. वय पुरे होते. अंगकाठी लहान होती. आले तसे परत! पुढल्या खेपेस कोल्हापुरास जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली.

माझ्या वर्गातली चार वर्षांची मुले ही गोष्ट ऐकून नेहमी एकच विचारतात: "मग त्याचे पाय दुखले नाहीत?" मोठी माणसे हे विचारीत नाहीत.

तेच कर्वे पुढे फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक झाले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि १९१६ साली पुण्याजवळ हिंगण्याला त्यांनी मुलींचे विद्यापीठच काढले; शिकवायचे ते मातृभाषेतून. त्या वेळी कित्येक शहाण्यांना हा पोरखेळ वाटला. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव मिळाले. चर्चगेटजवळच्या त्या आवारात शिरताना माझ्या मनात दोन्ही नावे शेजारी उभी राहिली, राजाबाई आणि नाथीबाई. दोघींच्या तरुणपणी त्यांना घेईल असे कॉलेज या मुलखात नव्हते.

खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिले आणि विचारले, "प्रवेश कोणाला हवाय?" त्यांनी अगदी सहज विचारले होते. तिथे सगळ्या वयांच्या बायका येत असतील. मी मात्र गडबडले. "हिला, हिला," असे दोनदा म्हणाले. कन्यका माझ्याकडे पाहत राहिली, आणि वहीत काही न लिहिता माहितीपत्रके तिने दोन घेतली.

परतताना घाईत चूक झाली. संध्याकाळच्या कसारा गाडीत डोंबिवलीकरांनी चढू नये, हा नियम मला लहानपणापासून पाठ आहे. तरी समोर दिसली म्हणून चढलो. डोंबिवली आली, आणि दारापर्यंत पोचायच्या आत गेलीही. ठाकुर्ली मागे पडली. निमूट कल्याणला उतरलो आणि उलट्या गाडीची वाट पाहत फलाटावरच्या बाकावर बसलो. पाय खरोखरच दुखत होते.

"ह्या गावच्या मुलीनं पण कॉलेज निवडलं होतं," मी म्हटले.

आनंदीबाई जोशी कल्याणच्या. जन्म ३१ मार्च १८६५, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव पोस्टखात्यात, वयाने वीसएक वर्षांनी मोठा, शिकवण्याच्या हट्टाने पेटलेला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' कादंबरीमुळे ही कथा घरोघर माहीत आहे, म्हणून सगळी सांगत नाही. गोपाळरावांचे एक पत्र अमेरिकेतल्या मिशनरी मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे खोळंबून बसल्या असताना वाचले आणि पत्रव्यवहार सुरू झाला.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भाषण केले. लोक जे प्रश्न मागून विचारीत ते त्यांनी स्वतःच पुढे मांडले. अमेरिकाच का? इथे सोय नाही का? एकटी का? जातीने वाळीत टाकले तर? मद्रासला एक कॉलेज आहे, इलाख्यांतून सुइणींचे वर्ग आहेत, पण तिथले शिक्षण अपुरे, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. म्हणजे जवळची सारी स्थळे त्यांनी पारखली होती आणि नाकारली होती. त्या वेळी त्या अठराही पुऱ्या नव्हत्या. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट निघाली. शिक्षण मिळाले ते फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात. १८५० साली केवळ स्त्रियांसाठी निघालेले ते वैद्यक महाविद्यालय. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली होती. ती नोकरी व्हायचीच नव्हती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

कन्यका बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिनं ते कॉलेज आधी पाहिलं होतं?"

"छे गं. निघाली तेव्हा अमेरिकेतलं काहीच पाहिलं नव्हतं. नुसती पत्रं."

"मग आपण एवढं का हिंडलो?"

"मला पाहायचं होतं," मी म्हटले. इतक्या उशिरा का होईना, खरे सांगितले. ती हसली, आणि तेवढ्यात गाडी आली.

रात्री तिने संगणकावर पसंतीक्रम भरला. पहिल्या क्रमांकाचे कॉलेज माझ्या मनातले नव्हते. तिथे कमानी नाहीत, भिंतीवर कोणा थोराचे नाव नाही, आवार तर आमच्या शाळेएवढेच. कारण विचारले तेव्हा तिने वही उघडून दाखवली. तिथले ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडे असते. खाली एक ओळ निराळ्या शाईने होती: दुसरे माहितीपत्रक आईच्या कपाटात ठेवले आहे.