महाराष्ट्रातील एचआयव्हीची जनुकीय विविधता

महाराष्ट्रातील एचआयव्हीची जनुकीय विविधता म्हणजे या राज्यात आढळणाऱ्या मानवी प्रतिकारक्षमता ऱ्हास विषाणूच्या, अर्थात एचआयव्हीच्या, निरनिराळ्या प्रकारांमधील, उपप्रकारांमधील आणि पुनर्संयोजित रूपांमधील जनुकीय फरक होय. राज्यातील बहुसंख्य संसर्ग एचआयव्ही-१ या प्रकाराच्या एम गटातील सी उपप्रकारामुळे झालेले आहेत. याखेरीज अल्प प्रमाणात ए उपप्रकार, ए व सी यांची मिश्र रूपे आणि एचआयव्ही-२ हा स्वतंत्र प्रकारही येथे आढळला आहे. सी हा जगात सर्वाधिक पसरलेला उपप्रकार असला, तरी या विषाणूविषयीचे सुरुवातीचे बरेचसे संशोधन अमेरिका व युरोपात प्रचलित असलेल्या बी उपप्रकारावर झाले. त्यामुळे येथील विषाणूची जनुकीय रचना स्वतंत्रपणे जाणून घेणे निदान, औषधोपचार व लस संशोधन या तिन्ही क्षेत्रांत महत्त्वाचे ठरले. या अभ्यासात पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे.

विविधतेची कारणे

एचआयव्हीची जनुकीय माहिती आरएनए या रेणूत साठवलेली असते. तिची लांबी सुमारे ९,७०० न्यूक्लिओटाइड इतकी असते. पेशीत शिरल्यावर रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर या आरएनएवरून डीएनए तयार करते. नक्कल करताना झालेल्या चुका तपासून दुरुस्त करण्याची क्षमता या विकरात नसते. त्यामुळे साधारणपणे दर तीन-चार प्रतींमागे एखादे उत्परिवर्तन घडते. उपचार न घेतलेल्या व्यक्तीच्या शरीरात दररोज अब्जावधी नवे विषाणूकण तयार होत असल्याने एकाच व्यक्तीच्या शरीरातही परस्परांपासून किंचित वेगळ्या विषाणूंचा समूह निर्माण होतो. शरीराची प्रतिकारशक्ती आणि औषधे यांच्या दबावाखाली या समूहातील तग धरू शकणारी रूपे वाढत जातात.

विविधतेचे दुसरे कारण म्हणजे पुनर्संयोजन. प्रत्येक विषाणूकणात आरएनएच्या दोन प्रती असतात. एकाच पेशीला दोन वेगळ्या उपप्रकारांचा संसर्ग झाल्यास नव्या कणात दोघांची एकेक प्रत बंदिस्त होऊ शकते. पुढील पेशीत नक्कल करताना विकर एका प्रतीवरून दुसऱ्या प्रतीवर सरकते आणि दोन्ही उपप्रकारांचे तुकडे जोडलेला विषाणू तयार होतो.

जागतिक वर्गीकरण

एचआयव्हीचे एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ असे दोन प्रकार आहेत. एचआयव्ही-१ चे एम, एन, ओ व पी असे चार गट असून त्यांपैकी प्रत्येक गट वानरांमधील विषाणू माणसात येण्याच्या स्वतंत्र घटनेतून उद्भवला आहे. एम गटाचा पूर्वज आग्नेय कॅमेरूनमधील चिंपांझींमध्ये होता. या गटाचा माणसांमधील प्रसार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आजच्या किन्शासा शहरातून सुरू झाला, असे जनुकीय कालगणनेवरून दिसते. त्याच शहरात १९५९ आणि १९६० मध्ये घेतलेल्या दोन जुन्या नमुन्यांत एकमेकांपासून बऱ्याच भिन्न असलेल्या विषाणूंचे अंश सापडले. याचा अर्थ तोपर्यंत विषाणू काही दशके पसरत होता. एचआयव्ही-२ पश्चिम आफ्रिकेतील सूटी मँगाबे या माकडांमधून माणसात आला.

जागतिक साथ मुख्यतः एम गटामुळे आहे. त्यात ए, बी, सी, डी, एफ, जी, एच, जे, के व एल हे उपप्रकार मानले जातात. एल उपप्रकारास २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ई आणि आय ही नावे वगळण्यात आली, कारण ती रूपे पुनर्संयोजित असल्याचे आढळून आले. परस्परांशी थेट संबंध नसलेल्या किमान तीन व्यक्तींमध्ये एकच मिश्र रूप आढळल्यास त्याला प्रसारित पुनर्संयोजित रूप म्हणतात व क्रमांक देतात. अन्यथा ते एकमेव पुनर्संयोजित रूप समजले जाते.

२०१० ते २०१५ या काळातील जागतिक विश्लेषणानुसार एचआयव्ही-१ च्या एकूण संसर्गांत विविध रूपांचा वाटा पुढीलप्रमाणे होता :

* सी : ४६.६ टक्के
* बी : १२.१ टक्के
* ए : १०.३ टक्के
* ०२_एजी हे पुनर्संयोजित रूप : ७.७ टक्के
* ०१_एई हे पुनर्संयोजित रूप : ५.३ टक्के
* जी : ४.६ टक्के
* डी : २.७ टक्के
* उर्वरित उपप्रकार व पुनर्संयोजित रूपे : १०.७ टक्के

सी उपप्रकार प्रामुख्याने दक्षिण आफ्रिका, पूर्व आफ्रिकेचा काही भाग व भारत येथे आढळतो, तर मध्य आफ्रिकेत जवळपास सर्व उपप्रकार एकत्र आढळतात.

भारतातील प्रवेश व प्रसार

भारतातील एचआयव्ही संसर्गाचा पहिला पुरावा १९८६ मध्ये चेन्नई येथे मिळाला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्री करणाऱ्या महिलांच्या रक्तनमुन्यांची तपासणी केली होती. सोलोमन यांचे माहेर चेन्नईतील गायतोंडे हे मराठी कुटुंब होय. त्याच वर्षी मुंबईत एड्सच्या रुग्णाची नोंद झाली.

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी भारतीय नमुन्यांचे जनुकीय विश्लेषण सुरू झाले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील विषाणू तत्कालीन नमुनेदार आफ्रिकी, अमेरिकी व युरोपीय विषाणूंपेक्षा बरेच वेगळे, मात्र दक्षिण आफ्रिकेतील एका विषाणूशी संबंधित असल्याचे दाखवण्यात आले. पुढील अभ्यासांतून भारतातील सी उपप्रकाराची स्वतःची वेगळी शाखा असल्याचे स्पष्ट झाले. देशाच्या दूरदूरच्या भागांतील नमुने वंशवृक्षात एकत्र येतात. त्यामुळे ही साथ एका किंवा मोजक्याच प्रवेशांतून पसरली असावी, असे मानले जाते. हा प्रवेश १९६० ते १९८० या काळात, म्हणजे संसर्गाचे निदान होण्याच्या काही वर्षे आधी, झाला असावा असे अनुमान आहे.

ईशान्य भारतातील चित्र थोडे निराळे आहे. मणिपूरमध्ये सुईद्वारे अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये सी उपप्रकारासोबत थायलंडमधील बी उपप्रकार व या दोहोंची मिश्र रूपेही आढळली. चीनमध्ये पसरलेल्या ०७_बीसी आणि ०८_बीसी या पुनर्संयोजित रूपांतील सी उपप्रकाराचे तुकडे भारतीय शाखेशी जुळतात.

महाराष्ट्रातील संशोधन

राष्ट्रीय अंदाजानुसार २०२१ मध्ये भारतात सुमारे २४ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत होत्या. त्यांपैकी सर्वाधिक, सुमारे ३.९४ लाख, महाराष्ट्रात होत्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. अलीकडे या संस्थेच्या कार्यकक्षेत इतर विषाणूंचाही समावेश करण्यात आला असून तिचे नावही बदलले आहे.

पुण्यातील सहा नमुने

या संस्थेने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने केलेला एक अभ्यास जानेवारी १९९९ मध्ये 'जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कविता लोले, रमेश परांजपे, दीपक गडकरी, स्मिता कुलकर्णी, रॉबर्ट बोलिंजर व स्टुअर्ट रे यांचा त्याच्या लेखकांत समावेश होता. पुण्यात नव्याने बाधित झालेल्या सहा व्यक्तींच्या विषाणूंचा जवळपास संपूर्ण जनुकीय क्रम त्यात निश्चित करण्यात आला. तोवर जगभरात सी उपप्रकाराच्या संपूर्ण क्रमांची माहिती फारच थोडी होती.

सहापैकी पाच विषाणू पूर्णपणे सी उपप्रकाराचे निघाले. सहावा ए आणि सी यांचे मिश्रण होता. दोन उपप्रकारांचे सांधे आवरण प्रथिनाच्या जनुकात, नेफ जनुकात आणि जनुकसंचाच्या शेवटच्या भागात आढळले. केवळ एखाद्या जनुकाचा छोटा तुकडा तपासून उपप्रकार ठरवल्यास अशी मिश्र रूपे निसटू शकतात, हे यातून दिसून आले.

टी-पेशी विषाणूचे जे प्रथिनखंड ओळखतात, त्यांची तुलनाही या अभ्यासात करण्यात आली. प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या बी उपप्रकाराच्या विषाणूतील सुपरिचित खंडांपैकी फक्त ३८ टक्के खंड पुण्यातील विषाणूंमध्ये तंतोतंत तसेच होते. सर्वाधिक तफावत आवरण प्रथिनात होती.

या अभ्यासासाठी स्टुअर्ट रे यांनी तयार केलेली सिमप्लॉट ही संगणकप्रणाली पुढे पुनर्संयोजन शोधण्यासाठी जगभर वापरली जाऊ लागली. अज्ञात क्रमावरून एक ठरावीक रुंदीची चौकट टप्प्याटप्प्याने पुढे सरकवत प्रत्येक ठिकाणी ज्ञात उपप्रकारांशी असलेले साम्य आलेखावर मांडणे, ही तिची पद्धत आहे. एका उपप्रकाराची रेषा खाली जाऊन दुसऱ्याची वर येते, तेथे सांधा असण्याची शक्यता असते. ही प्रणाली वापरणारे संशोधक पुण्यातील याच शोधनिबंधाचा संदर्भ देतात. करोना विषाणूंवरील संशोधनातही तिचा वापर झाला आहे.

एचआयव्ही-२

भारतातील एचआयव्ही-२ संसर्गाची माहिती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९२ मध्ये मुंबईतील जोखीमग्रस्त गटांच्या अभ्यासात एचआयव्ही-१ व एचआयव्ही-२ हे दोन्ही प्रकार आढळले. पश्चिम आफ्रिकेबाहेर एचआयव्ही-२ फारसा आढळत नाही. गिनी-बिसाऊ आणि पोर्तुगाल येथील त्याचे अस्तित्व लक्षात घेऊन पश्चिम भारतातील त्याच्या प्रवेशाचा संबंध गोव्यातील पोर्तुगीज राजवटीच्या काळातील दळणवळणाशी जोडला जातो. तथापि हे अनुमान आहे.

एचआयव्ही-२ मुळे होणारा आजार सहसा सावकाश वाढतो आणि आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाणही कमी असते. मात्र नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेंझ या औषधांना तो मुळातच दाद देत नाही. शिवाय एचआयव्ही-१ साठी बनवलेल्या विषाणूभार चाचणीत तो मोजला जात नाही. त्यामुळे अशा चाचणीत विषाणू न आढळणे म्हणजे उपचार यशस्वी होणे, असा निष्कर्ष एचआयव्ही-२ बाधित व्यक्तीच्या बाबतीत काढता येत नाही.

निदान व उपचारांवरील परिणाम

शासकीय केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या प्रतिपिंड चाचण्या एचआयव्ही-१ व एचआयव्ही-२ या दोन्हींचा संसर्ग ओळखतात, पण उपप्रकार सांगत नाहीत. नेहमीच्या उपचारासाठी उपप्रकार माहीत असण्याची गरज नसते. एचआयव्ही-१ की एचआयव्ही-२, हा भेद मात्र महत्त्वाचा असतो. १ एप्रिल २००४ रोजी भारतात मोफत औषधोपचाराचा शासकीय कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीच्या आठ रुग्णालयांत मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयाचा समावेश होता. त्या काळातील प्रथम श्रेणीचे उपचार बहुतांशी नेव्हिरापिन अथवा एफाव्हिरेंझवर आधारलेले असल्याने एचआयव्ही-२ चे निदान चुकल्यास रुग्णाला अपुरा उपचार मिळण्याचा धोका होता. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रथम श्रेणीच्या उपचारात डोल्युटेग्राविर हे औषध दिले जाते. ते दोन्ही प्रकारांवर परिणामकारक असल्याने हा धोका बराच कमी झाला आहे.

सध्याची औषधे एम गटाच्या सर्व उपप्रकारांवर चांगली चालतात. औषधरोध निर्माण होण्याच्या मार्गात मात्र फरक आढळतात. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजच्या १०६ व्या स्थानी व्हॅलिन या अमिनो आम्लासाठी सी उपप्रकारात जीटीजी, तर बी उपप्रकारात जीटीए ही संकेताक्षरे असतात. एफाव्हिरेंझला रोध करणारे मेथिओनिन तेथे येण्यासाठी एटीजी हा संकेत लागतो. सी उपप्रकारात त्यासाठी एकच अक्षर बदलावे लागते, तर बी उपप्रकारात दोन. म्हणूनच हे उत्परिवर्तन सी उपप्रकारात अधिक सहजपणे घडते.

संसर्गाच्या अभ्यासातील उपयोग

नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या एचपीटीएन ०५२ या चाचणीत पुणे व चेन्नई ही भारतीय केंद्रे होती. या जोडप्यांपैकी एक जोडीदार बाधित होता. लवकर उपचार दिल्यास दुसऱ्याला होणारा संसर्ग टळतो का, हे पाहायचे होते. २०११ पर्यंत ३९ जोडीदारांना संसर्ग झाला. विषाणूंच्या जनुकीय तुलनेतून त्यांपैकी २८ संसर्ग जोडीदाराकडूनच झाल्याचे निश्चित झाले. या २८ पैकी केवळ एक संसर्ग लवकर उपचार मिळालेल्या गटात होता. त्यावरून लवकर उपचारांमुळे जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, हा निष्कर्ष निघाला.

जेथे बहुतेकांमध्ये सी उपप्रकारच आढळतो, तेथे दोन व्यक्तींचा उपप्रकार सारखा असण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यासाठी क्रमांची बारकाईने तुलना करून स्थानिक लोकसंख्येतील इतर विषाणूंशीही ती ताडून पाहावी लागते. क्रमांतील साम्य तेवढ्यावरून कोणाकडून कोणाला संसर्ग झाला, हेही सांगू शकत नाही.

लस संशोधन

एचआयव्ही लशीची भारतातील पहिली मानवी चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाली. ही लस सी उपप्रकाराच्या जनुकांवर आधारित होती. ती सुरक्षित आढळली, परंतु तिने निर्माण केलेला प्रतिकार अपुरा होता. २००६ मध्ये चेन्नई येथे भारतीय सी उपप्रकाराची जनुके वापरून तयार केलेल्या दुसऱ्या लशीची चाचणी झाली. दक्षिण आफ्रिकेत सी उपप्रकारासाठी मुद्दाम बदल केलेल्या एका लशीची मोठी चाचणी परिणामकारकता न आढळल्याने फेब्रुवारी २०२० मध्ये थांबवण्यात आली. स्थानिक उपप्रकाराशी जुळणारी लस बनवणे पुरेसे नाही, असे या अनुभवांवरून दिसते. म्हणून अनेक उपप्रकारांत न बदलणाऱ्या भागांना लक्ष्य करणाऱ्या प्रतिपिंडांवर आता अधिक भर दिला जात आहे.

हेही पहा

* एड्स
* विषाणू
* उत्परिवर्तन
* सुनीती सोलोमन
* भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद
* राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना