गुन्हेगार की रुग्ण? महाराष्ट्रातील व्यसनमुक्तीचा एक टप्पा

मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्याकडे महसुलाच्या, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्ह्याच्या दृष्टीने पाहिले. पिणाऱ्याची असहायता दोन्हींत गौणच राहिली. १९८० च्या दशकात ‘गर्द’ तरुणांत पसरला, तेव्हा ही उणीव घराघरांत जाणवू लागली. १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याचा भरही प्रामुख्याने शिक्षेवरच होता.

या पार्श्वभूमीवर १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी त्यास अर्थसाहाय्य दिले. येथे व्यसन हा आजार मानला गेला. शरीरातील विष उतरणे हा केवळ आरंभ. खरी कसोटी घरी परतल्यावर. म्हणूनच कुटुंबीयांनाही उपचारात सामावून घेतले गेले, आणि विशेष म्हणजे, व्यसनातून सावरलेले रुग्णच पुढे तेथे कार्यकर्ते झाले.