सकल संतांच्या पूर्वसंध्येची दारोदार फेरी

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाची ही स्मरणिका. तींत दूरदेशच्या एका चालीचा इतिहास कशास, असें कोणी विचारील. पण आपल्या कित्येक घरांचीं मुलेंबाळें आज अमेरिका-कॅनडांत नांदत आहेत, आणि ऑक्टोबर सरत आला म्हणजे तिकडून प्रश्न येतो : "फादर, ३१ तारखेस येथें मुलें सोंगें घेऊन दारोदार खाऊ मागतात. आमच्या मुलांस पाठवावें, कीं हा भुताखेतांचा प्रकार समजून दार लावून बसावें?" प्रश्न रास्त आहे, परंतु उत्तर देण्यापूर्वीं ही फेरी निघाली कोठून तें पाहणें अवश्य आहे.

हॅलोवीन हें नांवच मुळीं ख्रिस्ती होय. 'हॅलो' म्हणजे जुन्या इंग्रजींत संत. सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या ती हॅलोवीन. १ नोव्हेंबरचा हा सण नवव्या शतकांत पश्चिमेकडील ख्रिस्तसभेंत रूढ झाला. पुढें क्लूनीचे मठाधिपति संत ओदिलो यांनीं आपल्या मठांतून २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस पाळण्यास आरंभ केला. आयर्लंडांतील हिवाळ्याच्या तोंडच्या प्राचीन सणाच्या कांहीं चाली यांत मिसळल्या असतील. तो वाद पंडितांचा आहे.

इंग्लंडांत, विशेषतः चेशर व श्रॉपशर परगण्यांत, या दिवसांत गोरगरीब व मुलें गाणीं म्हणत घरोघर जात. त्या त्या घरच्या मृतांसाठीं प्रार्थना करूं असें वचन देत, आणि घरधनीण त्यांच्या हातावर लहानसा गोड पाव ठेवी. त्यास 'आत्म्याचा पाव' असेंच नांव होतें. हें दान खरें, पण एकतर्फी नव्हे. घरांतून पाव जाई, दारांतून प्रार्थना येई; मागणारा रिकाम्या हातानें आलेला नसे, म्हणून त्यास मान असे. सर्वत्र असेंच गोड होतें असें मात्र नाहीं. शेक्सपियरच्या 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना' नाटकांत या सणास रडव्या सुरांत मागणाऱ्या भिकाऱ्याची थट्टा आहेच. १५४७ सालीं सहाव्या एडवर्डच्या राज्यांत मृतांसाठींच्या मिस्सांच्या देणग्या कायद्यानें जप्त झाल्या. तरी पावाची चाल खेड्यांतून एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. गाणें राहिलें, प्रार्थना मात्र हळूहळू गळाली, याचें मला वाईट वाटतें.

ज्या पोर्तुगालांतून सोळाव्या शतकांत वसईस मिशनरी आले, तेथेंही १ नोव्हेंबरच्या सकाळीं मुलें कापडी पिशव्या घेऊन 'देवाच्या नांवानें पाव' मागत हिंडतात. आपला 'पाव' हा शब्द त्यांच्याच भाषेंतला.

स्कॉटलंड व आयर्लंडांत सोंगें घेतलेलीं मुलें सलगमाचे कंदील घेऊन जात. पण गाणें किंवा कविता म्हटल्यावांचून त्यांस सफरचंद वा अक्रोड मिळत नसे. हे लोक, विशेषतः १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळांत, अमेरिकेस गेले, आणि त्यांच्यासवें चालही गेली. तेथें देवघेवीचा धागा तुटला. विसाव्या शतकाच्या आरंभीं पोरें त्या रात्रीं फाटकें उचलून नेत, खिडक्यांस साबण फांशीत. कंटाळून मिनेसोटांतील अनोका गांवानें १९२० सालीं मुलांची मिरवणूक काढून त्यांस दुसऱ्या कामीं लाविलें. १९२७ च्या कॅनडांतील एका वृत्तांत 'ट्रिक ऑर ट्रीट' हे शब्द सांपडतात. अर्थ, खाऊ द्या, नाहींतर खोडी काढूं. थट्टेनें कां होईना, प्रार्थनेच्या जागीं धमकी आली! दुसऱ्या महायुद्धांत साखरेवर नियंत्रण होतें, तेव्हां ही फेरी मंदावली. नियंत्रण १९४७ सालीं उठल्यावर ती पुन्हां जोरांत सुरू झाली.

तथापि तुटलेला धागा सांधणारेही निघाले. १९५० सालीं फिलाडेल्फियाजवळ मुलांनीं खाऊऐवजीं परदेशच्या गरजू बालकांसाठीं युनिसेफकरितां पैसे मागितले. १७ डॉलर जमले, आणि पुढें तो मोठा उपक्रम झाला. कांहीं मुलांस शेंगदाणा वा दूध बाधतें. त्यांच्यासाठीं खेळणें, रंगखडू ठेवणारीं घरें २०१४ पासून दारांत निळसर-हिरवा भोपळा मांडूं लागलीं. आणि ओसरीवरचा दिवा लागलेला असला तर यावें, ही खूण तेथें सर्वांस ठाऊक आहे.

म्हणून विचारणाऱ्यांस मी लिहितों : मुलांस खुशाल पाठवा, पण एखादें गाणें शिकवून पाठवा, दुसऱ्या दिवशीं मिस्सेस न्या. आपल्या दारीं आलेल्या मोठ्या पोरास वय विचारूं नका, आणि ज्यास बोलतां येत नाहीं त्याजकडून 'थँक्यू' ची अपेक्षा धरूं नका. जेथें दिवा मालवलेला असेल तेथें कडी वाजवूं नये. आंत कोणी आजारी असेल, किंवा नुकतेंच कोणी गेलें असेल.